सालसूची लढाई (६१२): उल्जी मुंदोकने खरंच बांध फोडला होता का?

दगडफोड्या | सोम, रात्री ९:१२

कोगुर्योचा सेनापती उल्जी मुंदोक म्हटलं की एक देखावा ठरलेला. सालसू नदी वरच्या अंगाला बैलांच्या कातड्यांनी अडवलेली, खाली उघड्या पडलेल्या पात्रात चिनी फौज उतरते, सेनापती हात वर करतो, बांध फुटतो आणि तीन लाख माणूस वाहून जातं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: कोगुर्यो हे कोरियाच्या तीन प्राचीन राज्यांतलं उत्तरेकडचं राज्य. आजचा उत्तर कोरिया आणि मांचुरियाचा मोठा भाग त्यात येई. राजा योंगयांग, राजधानी प्योंगयांग. समोर सुई घराण्याचा सम्राट यांग. ६१२ साली ल्याओ नदी ओलांडून आत शिरलेल्या ३,०५,००० फौजेपैकी २,७०० परत आले, असं खुद्द चिनी इतिहास सांगतो.

बांधाची गोष्ट जुन्या ग्रंथांत आहे का? नसेल तर एवढी फौज मेली कशाने? जाणकारांनी लिहावं. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आगाऊ दंडवत.

उभा_आडवा | सोम, रात्री ९:२०

सुई घराणं! शेजाऱ्यांना टोचत असणारच.

(जागा धरली आहे. चालू द्या.)

हान_लिपी | सोम, रात्री ९:३४

उच्चार 'स्वे'च्या जवळ जातो. पण मराठीत 'सुई' रुळलंय, राहू दे. टोचण्याचा कोटा मात्र एका धाग्याला एकदाच.

बखरवाचक | सोम, रात्री १०:०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

दोन मुख्य आधार. एक सुई घराण्याचा अधिकृत इतिहास, जो पुढच्या तांग राजवटीत सातव्या शतकात लिहिला गेला. दुसरा कोरियन इतिहासकार किम बुशिकचा 'साम्गुक सागी', ११४५ चा. दोन्हींत सालसूचं वर्णन अगदी त्रोटक आहे. फौज अर्धी उतरली असताना कोगुर्योवाल्यांनी पिछाडीवर झडप घातली, शिन शिश्योंग हा सेनानी पडला, मग एकामागून एक तुकड्या फुटल्या आणि कोणी कोणाला आवरेना. बांध नाही, कातडी नाहीत, पाण्याची भिंत नाही.

त्याआधीचं मात्र बारकाईने दिलंय, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. क्रम असा:

सम्राट यांग वसंतात आजच्या बीजिंगजवळच्या झुओ प्रांतातून निघाला. मुख्य फौज ल्याओदोंगच्या किल्ल्याला (आजचं ल्याओयांग) वेढा घालून अडकली. महिने गेले, किल्ला पडेना. तेव्हा नऊ सेनाविभाग वेगळे काढून थेट प्योंगयांगवर पाठवले, हेच ते ३,०५,०००. त्यांत यूवेन शू आणि यू जोंगवेन हे दोघे प्रमुख.

यालू नदीच्या काठी छावणी पडली असताना उल्जी मुंदोक स्वतः नदी ओलांडून शरणागतीचं बोलणं करायला छावणीत आला. खरं काम वेगळं होतं, त्याला माणसांची तोंडं बघायची होती. यू जोंगवेनला सम्राटाचा गुप्त हुकूम होता की राजा किंवा मुंदोक हाती आला तर धरून ठेवा. पण बरोबर आलेला ल्यू शिलोंग नावाचा मुलकी अधिकारी आडवा आला, शरण आलेल्याला धरता येणार नाही म्हणून. मुंदोकला सोडलं. मग जोंगवेनला पस्तावा झाला, 'अजून थोडं बोलायचं आहे, परत या' म्हणून माणूस पिटाळला. मुंदोक कशाला थांबतो!

पुढे त्याने एका दिवसात सात वेळा लढून सात वेळा माघार घेतली. चिनी फौज त्या खोट्या विजयांवर सालसू ओलांडून प्योंगयांगपासून ३० ली (एक ली साधारण अर्धा किलोमीटर) अंतरावर येऊन डोंगरावर तळ देऊन बसली. तिथून परत फिरली तेव्हा सालसू.

चिंचगुळ | सोम, रात्री १०:२१

बखरवाचक, सेनापतीला छावणीत येऊन चहा पिऊन जाऊ दिला म्हणजे कमालच. त्या शिलोंगचं पुढे काय झालं?

बखरवाचक | सोम, रात्री १०:२६

काकू, मुंडकं उडालं. 'जगाची माफी म्हणून' असे शब्द आहेत.

रसद_खाते | सोम, रात्री ११:४०

दुसऱ्या प्रश्नावर येतो. फौज कशाने मेली? ओझ्याने. हिशोब मांडतो, सवडीने वाचा.

निघताना माणसांना आणि घोड्यांना १०० दिवसांचं धान्य दिलं. शिवाय ढाल, चिलखत, भाले, कपडे, हत्यारं, तंबूचं सामान. माणशी भार तीन 'दान'हून जास्त झाला. (दान हे माप आहे, दानधर्म नव्हे. १ दान म्हणजे १०० शंग.) जवानाचा रोजचा शिधा २ शंग, हे प्रमाण तांग काळात पक्कं दिसतं. म्हणजे १०० दिवसांचे २०० शंग, २ दान. उरलेला एक दान सामानाचा. आकडा जुळतो, म्हणजे 'तीन दान' ही हवेतली फेक नाही.

आता किलोत. त्या काळचं मोठं माप धरलं तर दान साधारण ६० लिटर. २ दान म्हणजे १२० लिटर, धान्याचे ९० किलोंच्या वर. वर चिलखत-हत्यार. लांब मजल मारणाऱ्या पायदळाने ३० किलोंच्या पुढे ओझं घेतलं की वेग पडतो, पाय सुजतात, चाळीसच्या पुढे रोज माणसं गळू लागतात. इथे शंभरच्या पुढे आहे. हे ओझं बैलाचं, माणसाचं नव्हे.

मग जे व्हायचं तेच झालं. हुकूम निघाला की धान्य टाकणाऱ्याचा शिरच्छेद. वाटेत टाकलं तर दिसतं, म्हणून जवानांनी रात्री आपापल्या तंबूखाली खड्डे खणून धान्य पुरलं. निम्मी वाट सरायच्या आत शिधा संपत आला. हे मी रंगवत नाही, ग्रंथात जसंच्या तसं आहे.

आता गंमत बघा. कागदावर योजना चुकीची नव्हती. ल्याओयांग ते प्योंगयांग अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. रोज १५ किलोमीटर धरले तर जायला २७-२८ दिवस, यायला तेवढेच. उरले चाळीसेक दिवस वेढ्याला. शंभर दिवसांचा आकडा कोणा कारकुनाने नीट विचार करून काढलाय. त्याने फक्त ते पाठीवर घेऊन पाहिलं नाही.

माणसाने गुपचूप पुरून-टाकून २० किलो धान्य ठेवलं असेल तर ते २० दिवसांचं. म्हणजे यालूच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी पोट पाठीला लागणार. मुंदोक यालूच्या काठी छावणीत आला तो नेमक्या वेळी.

आणि सात लढाया हरण्यामागचं गणित: उपाशी फौज एक दिवस पुढे सरकली की तिला दोन दिवसांचं धान्य लागतं, एक पुढे जायला आणि एक परतीला. मुंदोकला तिला मारायची घाई नव्हती. तिने मागे वळू नये एवढीच चिंता होती. म्हणून सात वेळा जिंकू दिलं.

उभा_आडवा | सोम, रात्री ११:४८

'हे ओझं बैलाचं' वाचून कळलं, बैलांची कातडी गोष्टीत कुठून आली ते.

वाखू (वाचनखूण) साठवली.

पाटबंधारे | मंगळ, सकाळी ७:१५

कातड्यांवर मी लिहितो, मला त्याच गोष्टीवर बोलायचंय.

आधी नदी. सालसू म्हणजे आजची छोंगछॉन, असंच परंपरेने मानतात. आन्जू गावाजवळून पुढे पीत समुद्राला मिळते. लढाई सातव्या चांद्रमासात, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये. कोरियात जुलै-ऑगस्ट हा पावसाचा जोर. आपल्याकडे श्रावणात कोणी नदीवर मातीचा बांध घालायला निघालं तर त्याला काय म्हणाल?

आकड्यांत मांडू. पात्र १०० मीटर रुंद, बांध ३ मीटर उंच, नदीचा उतार २००० ला १ धरा. पाणी ६ किलोमीटर मागे तुंबेल. साठा: ३ × ६००० × १०० भागिले २, म्हणजे ९ लाख घनमीटर. दिसायला भरपूर. पण पावसाळी विसर्ग सेकंदाला १०० घनमीटर एवढा माफक धरला तरी हा साठा ९००० सेकंदांत भरतो. अडीच तास! त्यानंतर पाणी बांधावरून वाहणार, आणि माती-पोत्यांच्या बांधावरून पाणी गेलं की तो माथ्याकडून कापला जातो, थांबत नाही. म्हणजे शत्रू नेमका कधी पात्रात येणार ते अडीच तासांच्या आत जुळवायचं. दोन दिवस आधी बांधून ठेवता येत नाही. सांडवा काढला तर ठेवता येईल, पण मग खाली पात्र कोरडं दिसणार नाही, सगळं नाटकच फुकट.

शिवाय १०० मीटर लांब, ३ मीटर उंच बांधाला पायथा किमान १० मीटर हवा. दोन हजार घनमीटर माती, भर वाहत्या पाण्यात. पहिल्या टोपल्या वाहून जातात, मधली शेवटची फट बुजवताना प्रवाह सगळ्यात जोरात असतो आणि हातातोंडाशी आलेलं काम तिथेच फसतं.

दगडफोड्या | मंगळ, सकाळी ८:०२

@पाटबंधारे, दंडवत. मग ही गोष्ट आली कुठून? कोणीतरी बसून रचली?

बखरवाचक | मंगळ, सकाळी ९:३०

रचली नाही, दुसऱ्याची चिकटली. १०१८ च्या अखेरीस कोरियातल्या कोर्यो राज्यात (कोगुर्यो नव्हे, हे नंतरचं) उत्तरेकडच्या खितान लोकांची फौज शिरली. कांग गामछान या सेनापतीने ह्युंगह्वाजिन किल्ल्याजवळ बैलांची कातडी जाड दोरखंडात ओवून ओढा अडवला, शत्रू येताच सोडला आणि दरीत दडवलेले १२,००० स्वार सोडले. ही नोंद पक्की आहे. चारशे वर्षांच्या अंतराने दोन सेनापती, दोघेही उत्तरेच्या नदीवर, दोघांपुढे मोठी फौज. सांगणाऱ्याने कातडी उचलून आधीच्या नदीत टाकली.

भरीला घोटाळा असा की खितानांच्या घराण्याचं नावही 'ल्याओ'.

सालसूची स्वतःची लोककथा वेगळीच आहे, आणि मला ती जास्त आवडते. आन्जूला 'सात बुद्धांचं' मंदिर आहे. सुई फौज काठाशी आली, नाव नाही, खोली कळेना. इतक्यात सात भिक्षू आले आणि पायघोळ वस्त्रं सावरत आरामात पलीकडे चालत गेले. फौजेला वाटलं पाणी गुडघाभर, उतरली आणि बुडाली. चोसोन या नंतरच्या कोरियन राजवटीतल्या १५३० च्या भूगोलग्रंथात ही कथा आहे. तिच्यातही बांध नाही बरं का.

पाटबंधारे | मंगळ, सकाळी ९:४४

डिसेंबर-जानेवारी! मग पटलं. थंडीत विसर्ग तळाला, ओढा छोटा, दोरखंडात ओवलेलं कातडं तात्पुरत्या दारासारखं काम करतं. दोर कापला की एकदम सुटतं, खणत बसावं लागत नाही. कांग गामछानचा अभियंता हुशार होता. कातडी थंडीची, ती श्रावणात नेली की फाटतात.

चिंचगुळ | मंगळ, दुपारी १२:१०

सगळं ठीक, पण रसदेसाठी समुद्र होता की. पाठीवर शंभर किलो द्यायच्याऐवजी गलबतांनी का नाही पाठवलं?

रसद_खाते | मंगळ, दुपारी १:२५

काकू, आरमार होतं. चीनमधल्या शानतुंगच्या दोंगलाय बंदरातून समुद्र ओलांडून लाय हुअर नावाचा सेनानी तेदोंग नदीत शिरला, प्योंगयांगपासून ६० ली वर पोचला. वाटेत कोगुर्योची एक तुकडी हरवली आणि चढून गेला. उपसेनापती झोउ फाशांगने सांगितलं, खुष्कीची फौज येईपर्यंत थांबा. ऐकलं नाही. निवडक ४०,००० घेऊन शहरावर गेला. बाहेरच्या तटाच्या आत एका रिकाम्या देवळात कोगुर्योवाले लपले होते. त्यांनी आधी हरल्याचं सोंग केलं, चिनी आत शिरून लुटीला लागले, रांगा मोडल्या, मग दडलेले बाहेर आले. गलबतांपर्यंत काही हजारच परतले. मग आरमार समुद्राकडे सरकून बसलं. यूवेन शू पोचला तेव्हा त्याला ना जहाज मिळालं ना दाणा.

तिथला पराक्रम मुंदोकचा नव्हे. राजाचा भाऊ कॉन्मू तिथे होता, पुढे तोच योंगन्यू म्हणून गादीवर आला.

आणि चीनमधली रसद त्याहून वाईट. ६११ साली सहा लाखांच्या वर हातगाडीवाले धरून आणले. दोघांमागे एक गाडी, गाडीत ३ दान तांदूळ. आता तेच गणित लावा: दोघे मिळून रोज ४ शंग खाणार, ३०० शंगांची गाडी ७५ दिवसांत त्यांनीच संपवली. ठाण्यावर पोचले तेव्हा द्यायला काही उरलं नव्हतं, शिक्षेच्या भीतीने पळाले आणि डाकू झाले. शानतुंगमधलं पहिलं मोठं बंड त्याच वर्षी उठलं. बंदरात ३०० जहाजं बांधणारे कामगार दिवसरात्र पाण्यात उभे, कंबरेखाली किडे पडले, दहांत तीन-चार मेले.

उभा_आडवा | मंगळ, दुपारी १:३१

म्हणजे तांदूळ घेऊन निघालेली गाडी तांदूळ खाऊन पोचली. निविदा कोणाला मिळाली होती?

गनिमी_कावळा | मंगळ, दुपारी ३:०५

हा सरळ गनिमी कावा आहे! पालखेडला १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला असाच फिरवून रसद तोडली. फक्त नाव कोरियन.

पायदळी | मंगळ, दुपारी ४:२०

कावळोबा, थोडं जपून. पालखेडला घोडदळाची चाल आहे, हलके स्वार जड तोफखान्याला ओढत नेतात. कोगुर्योची रीत किल्ल्याची. शत्रू यायच्या आधी शेतातलं पीक कापून, विहिरी बुजवून, माणसं-धान्य डोंगरी किल्ल्यात न्यायचं आणि बाहेर मोकळं रान ठेवायचं. त्याला त्यांच्याकडे 'शेत स्वच्छ करणं' अशा अर्थाचा शब्द आहे, आपण दग्धभू म्हणतो. मुंदोकच्याही ४४० वर्षं आधी, १७२ मध्ये कोगुर्योच्याच म्योंगनिम ताप्बूने चीनच्या हान राजवटीच्या फौजेला असंच उपाशी परत पाठवून च्वावॉनला झोडपलं होतं. म्हणजे मुंदोकने नवीन काढलं असं नाही, घरातलीच रीत.

किल्ला घेतल्याशिवाय पुढे गेलं की तो तुमच्या पाठीशी उरतो आणि मागून येणारी प्रत्येक धान्याची गाडी त्याच्या शिबंदीच्या तोंडासमोरून जाते. म्हणून तर नऊ विभागांना सगळं पाठीवर द्यावं लागलं! ल्याओदोंग पडलं असतं तर मागून टप्प्याटप्प्याने धान्य आलं असतं. ल्याओदोंगच्या शिबंदीला या विजयाचं निम्मं माप द्यायला हवं, त्यांच्या सरदाराचं नावही राहिलं नाही.

गनिमी_कावळा | मंगळ, दुपारी ४:२६

बरं. काव-काव मागे घेतो. पण ल्याओदोंग पडलं का नाही? अकरा लाख होते ना?

पायदळी | मंगळ, सायं. ५:५०

११,३३,८००, ग्रंथातला आकडा. २४ सेनाविभाग, रोज एक निघाला, दोन विभागांत ४० ली अंतर, म्हणजे २४ गुणिले ४०, ९६० ली लांब शेपटी. मागे सम्राटाचा लवाजमा आणखी ८० ली. रोज एक असं असूनही सगळे निघायला ४० दिवस लागले. सगळ्यात पुढचा तंबू ठोकत असताना शेवटचा अजून घरी होता.

ल्याओ नदीवर आणखी हसू. पश्चिम काठावर तीन तरते पूल बांधून पलीकडे ढकलले, ते एक जांगहून अधिक (तीन मीटरच्या वर) कमी पडले. जवान पाण्यात उड्या मारून काठ चढू लागले, वरून कोगुर्योवाले मारत होते. माय त्येजांग हा नावाजलेला सेनानी तिथेच पडला. पूल मागे ओढून दोन दिवसांत लांबवले, मग फौज उतरली. पात्राची रुंदी आधी दोरीने मोजली नाही तर काय होतं त्याचं हे उदाहरण.

वेढ्यात मात्र खरी खोट हुकुमात होती. सम्राटाने सांगून ठेवलं होतं: कोणतीही हालचाल मला विचारल्याशिवाय करू नका, आणि शत्रू शरण येतो म्हणाला तर हल्ला थांबवा. किल्ल्यातल्यांना हे कळलं. तट पडायला आला की ते आतून ओरडत, शरण येतो! सेनानी हल्ला थांबवून सम्राटाकडे स्वार पाठवत. उत्तर येईपर्यंत तट पुन्हा उभा. असं तीनदा झालं आणि तरी सम्राटाच्या ध्यानात येईना. मुंदोकला यालूवरून जिवंत परत जाता आलं तेही याच नियमामुळे.

हान_लिपी | मंगळ, रात्री ८:४०

आता कवितेबद्दल. प्योंगयांगपाशी तळ पडल्यावर मुंदोकने यू जोंगवेनला चार ओळी पाठवल्या. ओळीला पाच अक्षरं, एकूण वीस. अर्थ असा:

तुमची दैवी मसलत आकाशाचा ठाव घेते,
तुमचा सूक्ष्म हिशोब भुईचा तळ गाठतो.
लढाया जिंकून कीर्ती आधीच उंच झाली,
आता पुरे म्हणावं, थांबावं, ही विनंती.

पहिल्या दोन ओळी काटेकोर जोडीच्या आहेत: दैवी-सूक्ष्म, मसलत-हिशोब, आकाश-भुई. खरा चिमटा चौथीत. 'पुरे म्हणणं' हे चिनी तत्त्वज्ञ लाओत्झूच्या ग्रंथातल्या ४४ व्या प्रकरणातलं वचन आहे: ज्याला पुरे कळतं त्याची अप्रतिष्ठा होत नाही, ज्याला थांबणं कळतं त्याला धोका नाही. जोंगवेन शिकलेला माणूस, त्याला न सांगितलेला भाग ऐकू आलाच असणार: तू थांबला नाहीस, आता धोका आहे. भुकेल्या सेनापतीला 'तुझा हिशोब फार बारीक' म्हणणं हा रसद_खाते यांनी मांडलेल्या हिशोबावरचाच टोमणा समजा.

ही कविता सुई इतिहासात जोंगवेनच्या चरित्रात टिकली. म्हणजे टोमणा ज्याला मारला त्याच्याच खात्यात जमा.

चिंचगुळ | मंगळ, रात्री ८:५२

वीस अक्षरांत एवढं! आमच्याकडे लग्नाच्या अहेरावरून टोमणा मारायलासुद्धा अख्खी दुपार जाते.

लाल_पट्टा | मंगळ, रात्री ९:३०

अवांतर. तायक्वोंदोच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय तायक्वोंदो महासंघ) पद्धतीत 'उल-जी' नावाचा क्रम आहे, ४२ हालचालींचा, काळ्या पट्ट्याच्या वरच्या पायऱ्यांवर. महाराष्ट्रात शिकणाऱ्यांनाही परीक्षेत त्याचा अर्थ पाठ म्हणावा लागतो. त्या ठरलेल्या मजकुरात तो 'तांग' फौजेशी लढला असं आहे. चूक. ६१२ मध्ये सुई होते, तांग सहा वर्षांनी, ६१८ ला आले. आणि ४२ चा मुंदोकशी संबंध नाही, क्रम रचणाऱ्याचं तेव्हाचं वय ते.

बाकी नाव दक्षिण कोरियात सगळीकडे आहे. सोलमधला उल्जीरो रस्ता, लष्करी शौर्यपदकाची दुसरी श्रेणी, नौदलाची एक विनाशिका, अमेरिकेबरोबरचा वार्षिक युद्धसराव. लढाई झाली ती नदी मात्र उत्तर कोरियात.

तिरपा_डोळा | बुध, सकाळी १०:१०

सगळे ३,०५,००० आणि २,७०० देवाच्या वाणीसारखे घेताय. शंभरातला एकही नीट परत आला नाही? शिवाय हा इतिहास तांगांनी लिहिलाय, त्यांना आधीचा राजा मूर्ख दाखवायचाच होता.

बखरवाचक | बुध, सकाळी ११:०५

शंका रास्त. तांगांना यांग वाईट दिसणं सोयीचं होतं, हे खरं. पण दोन गोष्टी. त्याच इतिहासात वेई वेनशंगचा विभाग तेवढा शाबूत परतला असंही आहे, मग एकूण २,७०० कसे, हा प्रश्न ग्रंथातच राहतो. म्हणजे २,७०० हा 'त्या घटकेला ल्याओदोंगला येऊन हजेरी लावलेले' असा वाचला तर बरा बसतो. पळालेले, डोंगरात शिरलेले, कोगुर्योच्या हाती लागलेले असणारच. दुसरं, पराभव मोठा होता याला आकड्याची गरज नाही. यूवेन शू साखळदंडात परत गेला आणि सामान्य रयत झाला. जोंगवेनवर सगळ्यांनी खापर फोडलं, तो तुरुंगात आजारी पडून सुटला आणि मेला. ६१३ आणि ६१४ ला पुन्हा स्वाऱ्या कराव्या लागल्या, त्याही फुकट. ६१८ ला यांगला त्याच्याच रक्षकांनी मारलं, म्होरक्या यूवेन हुआजी. कोणाचा मुलगा? यूवेन शूचा.

उभा_आडवा | बुध, सकाळी ११:०९

सुईचं टोक शेवटी उलटंच लागलं. (कोटा संपल्याची जाणीव आहे.)

दगडफोड्या | बुध, दुपारी २:००

भुकेचं पटलं. पण नदी मग कशाला? उपाशी फौज कुठेही कापता आली असती. सालसूच का?

पायदळी | बुध, दुपारी ३:१५

कारण ती तोवर मोडत नव्हती. यूवेन शूने माघार घेताना चौकोनी रचना केली होती: चारी बाजूंना भाले बाहेर, मध्ये सामान. चालत्या चौकोनाला, तो उपाशी असला तरी, घोडदळ फोडू शकत नाही, फक्त कोपरे कुरतडतं. वाटभर तेच चाललं होतं. नदीशी मात्र चौकोन चौकोन राहू शकत नाही, त्याला उताराच्या रुंदीएवढी रांग व्हावंच लागतं.

वेळ काढा. उतारावर शेजारी-शेजारी दहा माणसं, दोन रांगांत दोन मीटर, पाण्यातला वेग ताशी दोन किलोमीटर. तासाला हजार रांगा, दहा हजार माणूस. वाटेत गळून दोन लाख उरले असं धरलं तर एका उतारावर वीस तास, तीन उतार सापडले तरी सात. म्हणजे 'अर्धी फौज उतरलेली' ही एक घटका नसून अख्खा दिवस आहे. नेमकी वेळ साधायला बांध लागत नाही, डोंगरावर बसून बघत राहिलं की पुरतं.

जुना चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झू, त्याचं वचन आहेच की शत्रू नदी उतरत असेल तर पाण्यात गाठू नका, अर्धा उतरू द्या आणि मग मारा. मुंदोकने ते उलट्या बाजूने केलं, अलीकडे राहिलेल्या अर्ध्याला पाठीमागून. पलीकडचे मदतीला परत येऊ शकत नाहीत, अलीकडचे पाण्यात ढकलले जातात आणि उताराबाहेर खोल पाण्यात पडतात. तिथे अंगावरचं चिलखत बुडवतं. बुडाले असतील ते असे, कोणी पाणी न सोडता. उरलेले एका दिवस-रात्रीत ४५० ली पळून यालूला पोचले म्हणतात, दोनशेच्या आसपास किलोमीटर. पायी अशक्य, पुढचे स्वार पोचले असतील.

दगडफोड्या | बुध, दुपारी ३:४०

मानलं. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवतो, नाहीतर कोणी धागा उघडणार नाही.

चिंचगुळ | बुध, दुपारी ४:०५

आणि हा मुंदोक पुढे? त्याचं काही?

बखरवाचक | बुध, दुपारी ४:३०

सालसूनंतर एकाही ओळीत नाही, काकू. जन्म-मृत्यूचं साल नाही, घराणं नाही. 'उल्जी' आडनाव की हुद्दा यावरही वाद आहे. किम बुशिकच्या चरित्रखंडात दहा वह्या आहेत. त्यांतल्या तीन एकट्या सिल्लाच्या (तीन राज्यांतलंच दुसरं राज्य) किम युशिनला, मुंदोकला काही ओळी, त्याही बहुतेक चिनी इतिहासातून उतरवलेल्या. किम बुशिक सिल्लाच्या राजकुळाशी नातं सांगणाऱ्या घराण्यातला, त्यामुळे मोजमाप समजून घ्या. तरी शेवटी त्याने लिहिलंच आहे की एवढ्याशा देशाने एवढी फौज जवळजवळ संपवली ती या एका माणसाच्या बळावर.

रसद_खाते | बुध, रात्री १०:५०

माझ्या पहिल्या हिशोबात एक राहिलं. 'माणसांना आणि घोड्यांना' १०० दिवसांचं धान्य, असं वर लिहून मी घोडे सोडून दिले. ओझ्याखालच्या घोड्याला चाऱ्याशिवाय रोज ४ किलो दाणा धरा. शंभर दिवसांचे ४०० किलो. घोडा स्वतः स्वारासकट पाठीवर जेमतेम १०० पेलतो. म्हणजे त्याचं उरलेलं धान्यही पायदळाच्याच पाठीवर. वरचा ९० किलोंचा आकडा कमीत कमी समजा.

उभा_आडवा | बुध, रात्री १०:५८

म्हणजे बैलाचं ओझं माणसावर आणि घोड्याचंही माणसावर. तंबूखालचे खड्डे मोठेच खणले असतील.